मुलीचं सर्टिफिकेट स्टेटच्या यादीतून 'सनसेट' होतंय म्हणजे नक्की काय, आणि ही यादी कोण कसं बदलतं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही टेक्सासमध्ये राहता, मुलगी अकरावीत आहे, तिने शाळेत सीटीईचे म्हणजे करिअर अँड टेक्निकल एज्युकेशनचे क्लास घेऊन, परीक्षा देऊन एक सर्टिफिकेट मिळवलंय, आणि आता काउन्सेलर म्हणतायत की ते सर्टिफिकेट स्टेटच्या मंजूर यादीतून 'सनसेट' होतंय, म्हणजे टप्प्याने बाद होतंय. मग तिची मेहनत वाया गेली का, ही यादी ठरवतं कोण, आणि आपल्याकडच्या आयटीआयसारखं एकदाच ठरवून का टाकत नाहीत. मी इथल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या सीटीई ऑफिसमध्ये बरीच वर्षं हेच काम करते, यादीत नावं घालण्याचे अर्ज भरलेत, यादीतून नावं गेल्यावर शिक्षकांना आणि पालकांना समजावलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. सर्टिफिकेटचं नाव तुम्ही दिलेलं नाहीये, म्हणून सगळ्यांना लागू पडेल तेवढंच सांगते.

पहिलं म्हणजे, वाया गेलेलं नाही. सर्टिफिकेट देणारी संस्था वेगळी आणि यादी ठेवणारं स्टेट वेगळं. आयटीची सर्टिफिकेटं देणारी कॉम्पटिया असो, अमेरिकन वेल्डिंग सोसायटी असो, नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशनचं अन्नसुरक्षेचं सर्वसेफ असो, त्यांनी दिलेलं सर्टिफिकेट तुमच्या मुलीच्या नावावर आहे आणि त्यांच्या नियमाने जितकी वर्षं चालायचं तितकी चालणार, स्टेटने यादीतून काढलं म्हणून ते रद्द होत नाही. स्टेटची यादी ठरवते ती वेगळी गोष्ट, की हे सर्टिफिकेट मिळवलेलं मूल शाळेच्या हिशोबात 'करिअर रेडी' धरायचं की नाही, शाळेच्या ग्रेडमध्ये त्याचे गुण मोजायचे की नाही आणि परीक्षेच्या फीचे पैसे परत द्यायचे की नाही. म्हणजे सनसेटचा मार आधी शाळेला बसतो, मुलांपर्यंत तो नंतर आणि आडवळणाने पोचतो, की शाळा तो कोर्स बंद करते किंवा परीक्षा बदलते, आणि मधल्या वर्षातल्या मुलांची तारांबळ उडते. माझा या पद्धतीवर जो काही राग आहे तो या मधल्या वर्षातल्या मुलांसाठी आहे, त्यावर पुढे येते.

आता ही यादी आली कुठून. अमेरिकेत व्होकेशनल शिक्षणाला केंद्राचा पैसा येतो तो पर्किन्स कायद्यातून, त्याची सध्याची आवृत्ती ३१ जुलै २०१८ ला सही झाली, तिला सगळे पर्किन्स फाइव्ह म्हणतात. त्या कायद्यात स्टेटला शाळांच्या प्रोग्रॅमची गुणवत्ता मोजायला तीन मापं दिलीत: किती मुलांनी मान्यताप्राप्त क्रेडेन्शियल (म्हणजे सर्टिफिकेट, लायसन्स असा कौशल्याचा दाखला) मिळवलं, किती जणांनी शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट मिळवले, आणि किती जणांनी प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला. या तीनपैकी निदान एक तरी निवडायचंच. ज्या स्टेट्सनी पहिलं निवडलं त्यांच्यापुढे लगेच प्रश्न की मान्यताप्राप्त म्हणजे कुठलं? केंद्र सरकार त्याची व्याख्या देतं (ती २०१४ च्या वर्कफोर्सच्या कायद्यातली आहे, त्यात इंडस्ट्री सर्टिफिकेशन, अप्रेंटिसशिप, लायसन्स, डिग्री सगळं बसतं), पण नावांची यादी देत नाही, शिक्षण हा इथे स्टेटचा विषय. आणि बाजारात क्रेडेन्शियल किती आहेत म्हणाल तर क्रेडेन्शियल इंजिन नावाची संस्था मोजते, त्यांच्या २०२२ च्या मोजणीत डिग्र्या, लायसन्स, बॅजेस सगळे धरून देशभरात दहा लाखांच्या वर आकडा गेला होता. त्यातून शाळेतल्या पोरांना कुठली घेऊ द्यायची हे कोणीतरी चाळायलाच पाहिजे, नाहीतर तीन तासांचा ऑनलाइन व्हिडिओ बघून मिळालेला कागदही सर्टिफिकेट म्हणून मोजला जाईल, आणि सुरुवातीच्या वर्षांत बऱ्याच ठिकाणी जवळपास तसंच झालं.

कारण यादीला पैसे चिकटलेले आहेत. फ्लोरिडात २००७ पासून केप कायदा आहे, त्यात मुलाने यादीतलं सर्टिफिकेट मिळवलं की शाळेला जादा निधी मिळतो, आणि शिकवणाऱ्या शिक्षकालाही सर्टिफिकेटच्या वजनाप्रमाणे दर मुलामागे २५ ते १०० डॉलर बोनस असतो. कोलोरॅडोत शाळेला एका मुलामागे १००० डॉलरपर्यंत देणारी योजना आली. ओहायोत तर मुलाचं ग्रॅज्युएशनच त्यावर असू शकतं, तिथे प्रत्येक क्रेडेन्शियलला पॉइंट दिलेत आणि एकाच क्षेत्रातले १२ पॉइंट जमले की तो ग्रॅज्युएट होण्याचा एक मार्ग धरला जातो. व्हर्जिनियात स्टँडर्ड डिप्लोमाला सीटीई क्रेडेन्शियल लागायचं असा नियम आला, आणि मग ते मिळवण्याचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणून वर्कप्लेस रेडिनेसची, म्हणजे नोकरीतल्या सर्वसाधारण कौशल्यांची, परीक्षा शाळोशाळी पोचली. तुमच्या टेक्सासमध्ये २०१७ च्या कायद्याने शाळांना ए ते एफ ग्रेड आली, त्यात कॉलेज, करिअर, मिलिटरी रेडिनेस असा भाग आला, त्याला सीसीएमआर म्हणतात, आणि इंडस्ट्री बेस्ड सर्टिफिकेशन हा तो पार करण्याचा एक रस्ता झाला. २०१९ च्या हाउस बिल ३ ने त्यावर बोनस आणि परीक्षेच्या फीची भरपाई जोडली. आता तुम्हीच विचार करा, एखाद्या शाळेला ग्रेड वाढवायचीय, आणि यादीत एक सर्टिफिकेट वर्षभराच्या मेहनतीचं आहे आणि एक दोन आठवड्यांच्या तयारीचं आहे आणि दोन्हीला गुण सारखेच, तर प्रिन्सिपल कुठलं निवडेल? मी प्रिन्सिपलना दोष देत नाही, यादी बनवणाऱ्याने हे आधी बघायला हवं होतं.

म्हणून रिव्ह्यू लागतो. यादीत नाव घालणं तसं सोपं काम, खरी परीक्षा काढताना असते. एकदा एखादं सर्टिफिकेट यादीत बसलं की त्याभोवती शिक्षक नेमले जातात, लॅब उभी राहते, परीक्षा विकणाऱ्या कंपनीचं वर्षाचं लायसन्स घेतलं जातं, आणि मग ते काढायचं म्हटलं की सगळ्यांचे फोन सुरू होतात.

प्रत्यक्षात हे चालतं कसं? स्टेटप्रमाणे फरक आहे पण सांगाडा सारखाच असतो. आधी अर्जांची खिडकी उघडते, त्यात डिस्ट्रिक्ट, सर्टिफिकेट देणारी संस्था किंवा एम्प्लॉयर नाव सुचवतात, आणि यादीवर आधीच असलेल्यांनाही परत तोच फॉर्म भरावा लागतो (जिथे हे सक्तीचं नाही तिथे यादी नुसती फुगत जाते, हे मी खात्रीने सांगते). फॉर्ममध्ये विचारतात की परीक्षा कोण घेतं, शिकवणाराच परीक्षक आहे का तिसरा कोणी, परीक्षा प्रॉक्टर्ड म्हणजे देखरेखीखाली होते का, ती संस्था आयएसओ १७०२४ किंवा एनसीसीएसारखं अॅक्रेडिटेशन घेऊन बसलीय का, हायस्कूलच्या मुलाला वयाने आणि अनुभवाने ते मिळू शकतं का, दुसऱ्या स्टेटमध्ये चालतं का, कुठल्या नोकरीशी जोडलेलं आहे आणि त्या नोकरीला पगार किती. टेक्सासने यात आणखी एक अट घातली, की ते सर्टिफिकेट मधली पायरी नको, त्या शिक्षणाचा शेवटचा टप्पा असावं. मग स्टेटचे लोक आणि कमिटी ते तपासतात, मसुदा यादी बाहेर येते, लोकांना मत द्यायला वेळ देतात, शेवटी यादी मंजूर होते आणि कुठल्या शैक्षणिक वर्षापासून लागू ते जाहीर होतं.

त्या फाइलमधला सगळ्यात बोलका कागद म्हणजे एम्प्लॉयरची पत्रं. फाइल उघडली की चार-पाच पत्रं असतात, वेगवेगळ्या लेटरहेडवर, आणि दुसरा परिच्छेद शब्दशः सारखा, कारण मजकूर सर्टिफिकेट विकणाऱ्या कंपनीनेच पुरवलेला असतो आणि खाली फक्त सही वेगळी. अशा पत्रात लिहिलेलं असतं की आम्ही या सर्टिफिकेटला 'महत्त्व देतो'. महत्त्व देतो म्हणजे काय? ते असलं तर ताशी पगार वाढतो का, ते असलं तर इंटरव्ह्यूला आधी बोलावता का, ते नसलं तर नाकारता का, यातलं काहीच नाही. आमच्या अॅडव्हायझरी कमिटीत एकदा एक एसी दुरुस्तीचा कॉन्ट्रॅक्टर आला होता, आम्ही त्याच्यापुढे त्या क्षेत्रातल्या सर्टिफिकेटांचा कागद ठेवला आणि विचारलं यातलं काय बघून तुम्ही माणूस घेता, तर त्याने पेन घेऊन ईपीए ६०८ वर गोल केला, कारण ते नसेल तर रेफ्रिजरंटला हात लावणं कायद्यानेच चालत नाही, मग ड्रायव्हिंग लायसन्स असं हाताने लिहिलं, आणि बाकीच्यांकडे बघून म्हणाला हे मी स्वतः शिकवतो. अशी दहा मिनिटं एका खऱ्या एम्प्लॉयरची मिळाली तर ती वीस पत्रांपेक्षा मोलाची असतात, आणि ज्या स्टेट्स रिव्ह्यूमध्ये पत्रांऐवजी थेट प्रश्नावली पाठवतात, की गेल्या वर्षात हे सर्टिफिकेट असलेले किती जण घेतले, त्यांच्या याद्या नक्कीच जास्त स्वच्छ असतात.

दुसरा पुरावा मागणीचा. यासाठी आता सर्रास ऑनलाइन नोकरीच्या जाहिरातींचा डेटा वापरतात, कुठल्या सर्टिफिकेटचं नाव किती जाहिरातींत आलं ते मोजायचं. २०१९-२० च्या सुमारास एक्सेल-इन-एड ही शिक्षण धोरणावर काम करणारी संस्था आणि नोकरीच्या जाहिरातींचा डेटा गोळा करणारी बर्निंग ग्लास यांनी बऱ्याच स्टेट्सचा डेटा घेऊन असा अभ्यास केला होता आणि त्यात निघालं की शाळेतली मुलं जी क्रेडेन्शियल मिळवतायत त्यातली जेमतेम पाचातलं एक एम्प्लॉयर जाहिरातींत मागतायत. त्या आकड्याने बऱ्याच स्टेट्स हलल्या, आणि हलायलाच हव्या होत्या. पण जाहिरातींच्या डेटाला मर्यादा आहेत आणि त्या कमिटीत बोलल्या गेल्या पाहिजेत. चार माणसांचा प्लंबिंगवाला जाहिरात ऑनलाइन टाकत नाही, ओळखीतून पोरगं घेतो. हॉस्पिटलची जाहिरात मात्र शंभर टक्के ऑनलाइन आणि त्यात सीएनए (नर्सिंग असिस्टंटचं), बीएलएस (जीव वाचवायच्या प्राथमिक उपचारांचं) सगळं नाव घेऊन लिहिलेलं, म्हणून हेल्थकेअर कायम भारी दिसतं आणि बांधकाम, शेतीची कामं हलकी दिसतात. ग्रामीण भागातल्या शाळांवर यामुळे अन्याय होतो, तिथे एखादी गोष्ट तालुक्याएवढ्या भागात जीव की प्राण असते आणि स्टेटच्या आकड्यात ती दिसतच नाही. लुइझियानाने जंप स्टार्ट या आपल्या करिअर शिक्षणाच्या योजनेत राज्यभराची वेगळी आणि प्रादेशिक वेगळी अशी सोय ठेवली, ती मला योग्य वाटते.

मग पगाराचा डेटा. स्टेटकडे बेरोजगारी विम्याच्या नोंदी असतात, एम्प्लॉयर दर तिमाहीला प्रत्येकाचा पगार कळवतो, त्यामुळे अमुक सर्टिफिकेट घेतलेल्या मुलांना पुढे काय मिळालं हे तिथून काढता यायला हवं. यायला हवं म्हणते कारण त्या नोंदीत माणूस कुठल्या कंपनीत आहे ते कळतं पण बहुतेक स्टेट्समध्ये तो तिथे काय काम करतो ते कळत नाही. हॉस्पिटलमध्ये नोकरी आहे, पण नर्सिंग असिस्टंट आहे का कॅन्टीनमध्ये आहे? नोंद दोघांची सारखीच. स्वतःचा धंदा करणारे, आर्मीत गेलेले, शेजारच्या स्टेटमध्ये कामाला जाणारे तर त्यात नसतातच. आणि त्याच्याही आधीची अडचण म्हणजे सर्टिफिकेट खरंच मिळालं का हेच पुष्कळ ठिकाणी स्टेटला थेट कळत नाही, परीक्षा घेणारी कंपनी निकाल स्टेटला देत नाही, शिक्षक स्कोअर रिपोर्टचं प्रिंट काढून ऑफिसला देतो, ऑफिसमधली बाई ते सिस्टिममध्ये टाकते, नावाचं स्पेलिंग चुकलं की नोंद हरवली. भारतीय मुलांच्या बाबतीत तर हे फार होतं, परीक्षेच्या अकाउंटवर मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव असतं आणि शाळेच्या रेकॉर्डवर नसतं. तुमच्या मुलीचं एकदा तपासून घ्याच.

फ्लोरिडाने या सगळ्याला २०२१ मध्ये जरा शिस्त लावली, रीच अॅक्ट नावाच्या कायद्याने एक क्रेडेन्शियल्स रिव्ह्यू कमिटी नेमली, सगळ्या शिक्षणासाठी एकच मास्टर क्रेडेन्शियल्स लिस्ट केली, आणि मागणी किती हवी आणि पगार किती हवा याचे निकष आधी लिहून काढले, त्याला ते फ्रेमवर्क ऑफ क्वालिटी म्हणतात. निकष आधी छापलेले असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. नाव आलं की मग त्याला बसतील असे निकष शोधायचे हे उलटं काम होतं, आणि ज्या स्टेटमध्ये कमिटीच्या मिनिट्समध्ये नुसतं 'चर्चेअंती मंजूर' असतं तिथे काय चर्चा झाली असेल ते कळतं.

एक बाब पालकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे यादीची मुदत आणि सर्टिफिकेटची स्वतःची मुदत या दोन घड्याळांचा एकमेकांशी संबंध नाही. सर्वसेफ मॅनेजर पाच वर्षं चालतं. गाडी दुरुस्तीच्या एएसईचं एन्ट्री लेव्हलचं सर्टिफिकेट दोन वर्षं. फार्मसी टेक्निशियनचं पीटीसीबी दर दोन वर्षांनी रिन्यू करायचं आणि त्यासाठी २० तासांचं शिक्षण दाखवायचं. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या वेल्डरला दर सहा महिन्यांनी दाखवावं लागतं की तो त्या पद्धतीने वेल्डिंग करतोय. सीएनए झालेली मुलगी सलग २४ महिने पगारी काम न करता बसली तर रजिस्ट्रीवरचा दर्जा जातो आणि परत ट्रेनिंग किंवा परीक्षा. ईपीए ६०८ मात्र संपत नाही. आता दहावीत मिळवलेलं दोन वर्षांचं सर्टिफिकेट बारावीच्या ग्रॅज्युएशनला मेलेलं असतं, तरी शाळेच्या हिशोबात ते जिवंत मोजलं जातं, हे मी किती बैठकांमध्ये सांगितलंय. चांगल्या रिव्ह्यूमध्ये हा प्रश्न असायलाच हवा, की ग्रॅज्युएशनच्या दिवशी हे चालू असेल का. तसंच आवृत्त्यांचं. कॉम्पटिया ए प्लसची परीक्षा साधारण तीन वर्षांनी बदलते, २०२५ मध्ये नवी सिरीज आली आणि जुनी बंद झाली, यादीवर नाव तेच राहतं पण आतला अभ्यासक्रम वेगळा, मग शिक्षक जुन्या पुस्तकावरून शिकवत राहिला तर मुलं परीक्षेत आपटतात आणि यादीकडे बघून काहीच कळत नाही.

आणि ओशा १०, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या ओशा या सरकारी खात्याचा दहा तासांचा कोर्स. हे कार्ड इतक्या स्टेट्सच्या याद्यांवर येऊन गेलंय की विचारू नका, आणि खुद्द ओशा म्हणतं की हा जागरूकतेचा कोर्स आहे, सर्टिफिकेशन नाही. कोर्स वाईट नाही, प्रत्येक पोराने वर्कशॉपमध्ये पाय ठेवण्याआधी तो करावा या मताची मी आहे, पण तो 'करिअर रेडी' असल्याचा पुरावा म्हणून एकट्याने चालणं बरोबर नाही. दुसऱ्या टोकाला अशी सर्टिफिकेटं असतात जी एम्प्लॉयरला खरंच हवीयत पण शाळेत मिळवणं कठीण. फ्लेबोटॉमीचं म्हणजे रक्त काढण्याचं, एनएचए या संस्थेचं घ्या, त्यासाठी जिवंत माणसांवर ३० वेळा शिरेतून आणि १० वेळा बोटातून रक्त काढल्याची नोंद लागते, सतरा वर्षांच्या मुलांना ते करू देणारं क्लिनिक शोधायला शाळेला नाकी नऊ येतात. ड्रोन उडवायच्या पार्ट १०७ सर्टिफिकेटला वय किमान १६, म्हणजे नववीत ते बहुतेकांना मिळूच शकत नाही. रिव्ह्यू कमिटीत अशा वेळी भांडण होतं, की मुलांना मिळत नाही म्हणून काढायचं का मागणी आहे म्हणून ठेवायचं, आणि माझं मत कायम ठेवायचंच असतं, शाळेला ते जमेल अशी मदत करा पण दर्जा खाली आणू नका.

आता तुमच्या मुद्द्यावर, सनसेट. टेक्सासची पहिली यादी २०१७ ते २०१९ ची, मग २०१९ ते २०२२, मग २०२२ ते २०२५, आणि आता २०२५ ते २०३०. प्रत्येक नव्या यादीत काही जुनी नावं गळतात, आणि गळालेलं नाव लगेच शून्य होऊ नये म्हणून त्याला काही काळ सनसेटिंग म्हणून मोजतात. मधल्या एका टप्प्यात तर नियम असा केला होता की फक्त सनसेटिंग सर्टिफिकेटच्या जोरावर सीसीएमआर पार केलेली मुलं एका शाळेत पाच किंवा एकूण ग्रॅज्युएटच्या २० टक्के, जे जास्त असेल, तितकीच धरायची. याचं कारण उघड होतं, काही शाळांमध्ये मोठ्या संख्येने मुलं एकाच हलक्या सर्टिफिकेटवर पास दाखवली जात होती. त्याच सुमारास सीसीएमआरमध्ये ए ग्रेड मिळवायची रेघ ६० वरून ८८ वर नेली आणि डिस्ट्रिक्ट्स कोर्टात गेली, ते तुम्ही बातम्यांमध्ये वाचलंच असेल. शिवाय आता टप्प्याटप्प्याने नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही, त्याच्याशी जुळणारे कोर्सही केलेले असावे लागतात. हे मला अगदी मान्य आहे. वेल्डिंगचा वर्ग न करता वेल्डिंगच्या सुरक्षिततेचा कागद मिळवण्यात काही अर्थ नव्हता.

माझी तक्रार आहे ती वेळेबद्दल. मूल नववीत प्रोग्रॅम निवडतं आणि बारावीत परीक्षा देतं, चार वर्षं. यादीचं चक्र तीन वर्षांचं असेल तर गणितच जमत नाही, प्रत्येक बॅचच्या मध्येच कुठेतरी यादी बदलणार. पाच वर्षांची यादी म्हणून मला बरी वाटते, पण पाच वर्षांत आयटीचं सगळं जुनं होतं, म्हणून मध्ये नवीन नावं घालायची सोय उघडी हवी आणि काढताना मात्र नियम एकच असावा, की जे मूल नववीत त्या रस्त्यावर चढलं ते बारावीला उतरेपर्यंत त्याचं मोजलं जाईल. नव्याने चढणाऱ्यांना बंद, आधी चढलेल्यांना चालू. हे अवघड नाहीये, शाळेकडे प्रत्येक मुलाचा नववीतला प्लॅन लेखी असतो. हे मी दर पब्लिक कमेंटमध्ये लिहिते आणि पुढेही लिहीन.

आयटीआयबद्दल विचारलंत. आपल्याकडे हे काम केंद्रातून होतं, एनसीव्हीईटी ही संस्था क्वालिफिकेशनला मान्यता देते आणि त्यांनाही मुदत असते, मुदत संपली की परत तपासणी, त्यामुळे 'एकदाच ठरवून टाकलंय' असं तिकडेही नाही. फरक एवढाच की फिटरचं सर्टिफिकेट नाशिकचं असो की नागपूरचं, दर्जा एकाच चौकटीतला. इथे डॅलसच्या शाळेत मोजलेलं सर्टिफिकेट तुम्ही उद्या नोकरीमुळे ओहायोला गेलात तर तिथे वेगळ्या पॉइंटचं असू शकतं किंवा यादीत नसूही शकतं. आपल्या लोकांच्या बदल्या फार होतात म्हणून हे मुद्दाम सांगते, अकरावी-बारावीच्या मध्ये स्टेट बदलायची वेळ आली तर नव्या स्टेटच्या शिक्षण खात्याच्या साइटवरची चालू वर्षाची यादी आधी बघा.

तुम्ही आता काय करायचं. काउन्सेलरला तोंडी विचारू नका, ईमेल करा, आणि नेमके प्रश्न विचारा: हे सर्टिफिकेट माझ्या मुलीच्या ग्रॅज्युएशनच्या वर्षासाठी मोजलं जाणार का, तिच्या नावावर ते सिस्टिममध्ये नोंदलंय का, आणि नसेल मोजलं जाणार तर ती त्याच प्रोग्रॅममधलं कुठलं दुसरं सर्टिफिकेट बारावीत देऊ शकते. बरेचदा उत्तर असं येतं की त्याच क्षेत्रातलं वरच्या पायरीचं सर्टिफिकेट यादीत आहे, आणि तिने खालचं केलेलं असल्याने तयारी अर्धी झालेलीच असते. सीसीएमआर पार करायला बाकीचेही रस्ते आहेत, एसएटी किंवा एपीच्या परीक्षा, ड्युअल क्रेडिट म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट, आणि आपली बहुतेक मुलं त्यातल्या कशात तरी बसतातच, तेव्हा शाळेच्या हिशोबाची काळजी तुम्ही करू नका. फीचंही विचारा, टेक्सासमध्ये यादीतली परीक्षा पास झालेल्या मुलासाठी परीक्षेच्या फीची भरपाई स्टेटकडून शाळेला मिळते, पालकाने खिशातून आधीच पैसे भरले असतील तर ते कसे परत मिळतात ते शाळेलाच विचारावं लागेल.

मग त्या सर्टिफिकेटची स्वतःची किंमत तपासा, आणि ती यादीवरून तपासायची नाही. जवळच्या कम्युनिटी कॉलेजला फोन करून विचारा याचे क्रेडिट देता का. तिला ज्या क्षेत्रात जायचंय तिथली तुमच्या भागातली दोन-तीन ठिकाणं निवडा आणि समर जॉबच्या निमित्ताने तिलाच विचारायला पाठवा, की हे असलं तर काही फरक पडतो का. रिझ्युमेत लिहिताना सर्टिफिकेटचं पूर्ण नाव, देणारी संस्था आणि कधीपर्यंत वैध ते लिहायला सांगा, एम्प्लॉयर संस्थेच्या साइटवर जाऊन पडताळतो, स्टेटची यादी कोणी उघडत नाही.

आणि शेवटचं, जे बहुतेक पालकांना कोणी सांगतच नाही. पर्किन्स फाइव्हमध्ये प्रत्येक डिस्ट्रिक्टने दर दोन वर्षांनी स्थानिक गरजांचा आढावा घ्यायचा आणि त्यात पालक आणि विद्यार्थ्यांचं मत घ्यायचंच, हे कायद्यात लिहिलंय. आमच्यासारख्या ऑफिसांना तिथे बसायला पालक मिळत नाहीत, आणि भारतीय पालक तर मी जवळपास बघितलेच नाहीत, कारण सीटीई म्हणजे आपल्या मुलांसाठी नव्हे असा एक समज आहे, वास्तविक कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग, बायोमेडिकल हे सगळे वर्ग सीटीईतच येतात आणि ते आपल्याच पोरांनी भरलेले असतात. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या सीटीई डायरेक्टरला दोन ओळी लिहा की पुढच्या आढाव्यात आणि अॅडव्हायझरी कमिटीत मला यायचंय, आणि स्टेटच्या मसुदा यादीवर मत देण्याची तारीख आली की मला कळवा. मत देताना मुलीचं उदाहरण असंच्या असं लिहा, कुठल्या वर्षी प्रोग्रॅम घेतला, कुठल्या वर्षी सर्टिफिकेट मिळालं, कधी कळलं की ते जातंय. कमिटीपुढे आकडे ढिगाने येतात, असं तारखांसकट एका मुलीचं उदाहरण फार क्वचित येतं. सर्टिफिकेटचं नाव इथे लिहिलंत तर ते सध्याच्या यादीत कुठे बसतं आणि त्याच्या वरची पायरी कुठली ते मी बघून सांगते.